जायकवाडीत गाळ अडतो, मग गोदावरीच्या मुखाशी काय होतं?

छत्रपती संभाजीनगरपासून बंगालचा उपसागर शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही पैठणच्या जायकवाडी धरणाचा आणि आंध्र प्रदेशातल्या समुद्रकिनाऱ्याचा थेट संबंध आहे. तो आहे गोदावरीच्या गाळाचा.

गाळ धरणात का बसतो?

पावसाळ्यात गोदावरी आणि प्रवरा या नद्या नाशिक, अहिल्यानगर भागातली माती वाहून आणतात. पाण्याचा वेग जास्त असेल, तर जड कणही वाहत जातात. नाथसागरात शिरल्यावर मात्र पाणी पसरतं आणि वेग मंदावतो. आधी वाळू तळाशी बसते. बारीक चिकणमाती आणखी पुढे जाते, पण संथ पाण्यात तीही हळूहळू खाली बसते. पुराच्या वेळी दरवाजे उघडले, तर त्यातली थोडीच माती पुढे जाते.

शहराला याची काळजी का?

१९७६ मध्ये उद्घाटन झालेल्या या धरणाची एकूण क्षमता सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर आहे. त्यातला सुमारे ७३८ दशलक्ष घनमीटर मृतसाठा. गाळ फक्त मृतसाठ्यातच जमतो, असा समज आहे. प्रत्यक्षात बराचसा गाळ जलाशयाच्या वरच्या, उथळ भागात बसतो. त्यामुळे पिण्यासाठी आणि शेतीसाठी वापरता येणारा उपयुक्त साठाही कमी होतो.

समुद्राजवळ काय घडतं?

नदीच्या मुखाशी गोडं आणि खारं पाणी मिसळतं. खाऱ्या पाण्यात मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. भरती-ओहोटी हा गाळ आत-बाहेर नेते, तर लाटा वाळू किनाऱ्यालगत सरकवतात. म्हणजे किनाऱ्याची झीज सतत सुरूच असते. नदीने आणलेला नवा गाळ ती भरून काढतो.

गोदावरी आणि तिच्या उपनद्यांवर जायकवाडीसारखी अनेक धरणं आहेत. त्यांच्यामुळे हा पुरवठा घटला आणि गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा काही ठिकाणी मागे हटला आहे.

गाळ काढला तर?

राज्य सरकारने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना सुरू केली. तिच्यातून उपसलेला गाळ शेतात पसरला जातो. त्यामुळे साठवण वाढते आणि हलक्या जमिनीचा कस सुधारतो. मात्र हा गाळ शिवारातच राहतो. समुद्रकाठची तूट त्याने भरून निघत नाही.