गहुलीतून वर जाणाऱ्या पायऱ्या

प्राचीन रोममध्ये कॉन्सल व्हायचे तर आधी खालच्या पायऱ्या चढाव्या लागत. क्वेस्टर होऊन खजिना सांभाळायचा, प्रेटर होऊन न्यायनिवाडा करायचा, मगच सर्वोच्च पदाची निवडणूक. कॉन्सल एका वेळी दोन, मुदत एकच वर्ष, आणि एकाचा हुकूम दुसरा अडवू शके. आर्पिनम या लहान गावचा सिसेरो, ज्याच्या घराण्यात आधी कोणीच कॉन्सल नव्हते, याच वाटेने इ.स.पू. ६३ मध्ये तिथवर पोहोचला.

पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या बंजारा कुटुंबातून महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री मिळाले. आपल्याकडच्या सत्तेच्या पायऱ्यांची कुळकथाही याच घरातून जाते.

त्यांतले पहिले वसंतराव नाईक. ते १९४६ मध्ये पुसदचे नगराध्यक्ष झाले आणि १९५२ मध्ये आमदार. पुसद तेव्हा मध्य प्रदेशात होते. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तेव्हा ते महसूलमंत्री होते. गावकारभाराची घडी कशी बसवायची हे ठरवण्यासाठी त्यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बळवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये तालुक्याच्या पातळीवर भर दिला होता. नाईक समितीने तो जिल्ह्यावर आणला. कलेक्टरला जिल्हा परिषदेबाहेर (झेडपीबाहेर) ठेवले. कारभाराच्या शिरोभागी निवडून आलेला अध्यक्ष आला आणि अंमलबजावणीसाठी मुख्य कार्यकारी अधिकारी (सीईओ). १९६१ च्या कायद्याने १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. ५ डिसेंबर १९६३ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ वसंतराव मुख्यमंत्री राहिले, पण त्यांचे सर्वांत दूरवर पोहोचलेले काम त्याआधीचे, या समितीचे.

कारण शाळा, दवाखाना, रस्ता यांसाठी खेड्यातला माणूस आधी झेडपीच्या सदस्याला गाठतो. आणि सत्तेची पहिली ओळखही अनेकांना तिथेच होते. वसंतरावांचे पुतणे सुधाकरराव नाईक हे याचे ठळक उदाहरण: गहुलीचे सरपंच, यवतमाळ झेडपीचे अध्यक्ष, आमदार, आणि २५ जून १९९१ रोजी मुख्यमंत्री. काकांनी आखलेल्या वाटेवरूनच ते वर गेले.

रोममध्ये वर्ष ओळखले जाई ते त्या वर्षीच्या कॉन्सलांच्या नावांनी. आणि निवडणूक दरवर्षी ठरलेलीच. महाराष्ट्रात मात्र १९७९ नंतर झेडपीच्या निवडणुका लांबतच गेल्या. त्या झाल्या थेट १९९२ मध्ये, सुधाकरराव मुख्यमंत्री असताना, आणि तेव्हा महिलांसाठी जागा राखीव होत्या.