घरचा पिझ्झा : कसोटी पिठाची आणि आचेची

परदेशी साखळी दुकाने १९९६ मध्ये भारतात आली आणि पुढील काही वर्षांतच पिझ्झा शहरी मराठी घरांच्या ओळखीचा झाला. घरी पिझ्झा करणे मात्र बहुतेक ठिकाणी बेकरीतून तयार बेस आणून त्यावर सिमला मिरची, कांदा आणि किसलेले चीज पसरण्यापुरतेच राहिले. अशा पिझ्झाचा वरचा थर खाऊन संपला, की हाती उरते ती कोरडी, बेचव चकती. पिझ्झा हा मुळात पावाचा प्रकार आहे. त्याचा खरा स्वाद पिठात असतो, हे ध्यानात घेतल्यास घरच्या ओव्हनमध्येही उत्तम पिझ्झा साधतो.

पिझ्झाचे माहेरघर इटलीतील नेपल्स. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत ते तेथील कष्टकऱ्यांचे स्वस्त खाणे होते. राणी मार्गेरिटाच्या १८८९ मधील भेटीत राफाएले एस्पोझितो याने टोमॅटो, मोझरेला आणि बेसिल घातलेल्या पिझ्झाला तिचे नाव दिले, अशी कथा सांगितली जाते. इतिहासाचे अभ्यासक तिच्याकडे साशंकतेने पाहतात. नेपल्सच्या कारागिरांनी १९८४ मध्ये संघटना स्थापून कृतीचे नियम ठरवले. युरोपीय संघाने २०१० मध्ये या पारंपरिक पिझ्झाची अधिकृत नोंद केली, तर २०१७ मध्ये युनेस्कोने पिझ्झा घडवण्याच्या तेथील कलेचा समावेश अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

नेपल्सच्या पिठात मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढेच असते. लाकडाच्या भट्टीत सुमारे ४८५ अंश सेल्सिअस तापमानाला पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. घरगुती ओव्हन सहसा २५० अंशांपलीकडे जात नाही. आच कमी पडल्याने भाजण्यास वेळ लागतो आणि तेवढ्या अवधीत पिठातील ओलावा उडून पिझ्झा चिवट होतो. म्हणून घरच्या कृतीत तीन बदल करावेत : पिठात पाणी थोडे अधिक, जोडीला थोडे तेल आणि भाजण्यासाठी आधीच कडकडीत तापवलेला जाड तवा.

पीठ

चार पिझ्झांसाठी ५०० ग्रॅम मैदा, ३२५ मिलिलिटर पाणी, १० ग्रॅम मीठ, एक मोठा चमचा ऑलिव्ह तेल आणि अर्धा छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट घ्यावे. पाकिटावर प्रथिनांचे प्रमाण छापलेले असते. १०० ग्रॅममागे ११ ग्रॅम किंवा अधिक असलेला मैदा निवडावा. प्रत्येक मैदा सारखेच पाणी शोषत नाही, म्हणून थोडे पाणी हाताशी राखून लागेल तसे घालावे. पीठ दहा मिनिटे मळावे. लहान गोळी बोटांनी ताणल्यावर न फाटता पातळ पापुद्रा झाला, की मळणे पुरे झाले असे समजावे.

पीठ झाकून तासभर बाहेर ठेवावे. मग त्याचे चार गोळे करून, तेलाचा हात लावलेल्या झाकणाच्या डब्यांत २४ तास फ्रिजमध्ये ठेवावेत. आपल्याकडील उन्हाळ्यात बाहेर ठेवलेले पीठ झपाट्याने फुगते आणि आंबूस होते. थंडाव्यात यीस्टचे काम संथ चालते, तर पिठातील स्टार्चपासून साखर तयार होत राहते. कडेचा तांबूस रंग आणि खरपूस वास यांचे श्रेय याच सावकाश आंबण्याला जाते. पिझ्झा करण्याआधी दीड तास गोळे बाहेर काढावेत.

वरचा थर

चार पिकलेले टोमॅटो उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून त्यांची साल आणि बिया काढाव्यात. गर मीठ आणि तेल घालून दाट होईपर्यंत आटवावा. पातळ सॉसने पीठ गिजगिजीत होते. ताजे मोझरेला वापरायचे असल्यास त्याचे तुकडे अर्धा तास चाळणीत निथळत ठेवावेत. प्रक्रिया केलेले चीज वितळते, पण त्याला मोझरेलासारखी तार येत नाही. बेसिलला घरच्या तुळशीचा पर्याय देऊ नये, तिची चव उग्र असते. आपण ज्या सब्जाच्या बिया सरबतात घालतो, ते झुडूप बेसिलच्याच जातीचे आहे. भाज्या आवडत असल्यास मोजक्याच घालाव्यात. ढीग केल्यास त्यांचे पाणी सुटते.

भाजणे

लाकडी किंवा प्लॅस्टिकची मूठ नसलेला जाड लोखंडी तवा ओव्हनमध्ये पालथा ठेवून ओव्हन सर्वाधिक तापमानावर ४५ मिनिटे तापवावा. गोळा लाटू नये, लाटण्याने आतील हवा निघून जाते. मधून कडेकडे बोटांनी दाबत, कड जाड ठेवून तो सुमारे २५ सेंटिमीटर पसरवावा. तो रवा भुरभुरलेल्या पाटावर घ्यावा, त्यावर सॉस व चीज पसरावे आणि लगेच तव्यावर सरकवावा. सात ते नऊ मिनिटांत कडेवर करडे ठिपके उमटतात. बेसिल काढल्यावर घालावे.

ओव्हन नसल्यास गॅसवरील जाड तव्यावर एक बाजू भाजून पिझ्झा उलटावा, भाजलेल्या बाजूवर सॉस व चीज घालून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर चीज वितळू द्यावे. वरून तांबूस रंग येत नाही, परंतु तळ खुसखुशीत होतो. उरलेले गोळे फ्रिजमध्ये आणखी दोन दिवस टिकतात आणि दुसऱ्या दिवशीचा पिझ्झा बहुधा अधिक चवदार लागतो.