पायजम्यातला वाढदिवस

संध्याकाळी सात-आठ मैत्रिणी उशी आणि झोपायची पिशवी काखेत मारून येतात, केक कापला जातो, रात्रभर खुसखुस चालते आणि सकाळी पॅनकेक खाऊन सगळ्या पेंगत घरी जातात. मुलीचा वाढदिवस असा साजरा करण्याची चाल अमेरिकेची. तिला तिथे ‘स्लंबर पार्टी’ म्हणतात. ‘स्लंबर’ म्हणजे झोप, आणि या रात्री नेमकी तीच होत नाही. ‘पजामा पार्टी’ आणि ‘स्लीपओव्हर’ ही तिचीच दुसरी नावे. आज सहा-सात वर्षांच्या मुलामुलींसाठीही असे वाढदिवस होतात. मुळात मात्र ही चाल लहानांची नव्हती, आणि तिचा वाढदिवसाशीही संबंध नव्हता.

वाढदिवसाची गोष्ट जर्मनीतून सुरू होते. वयाच्या वर्षांइतक्या मेणबत्त्या केकवर लावण्याची सर्वांत जुनी नोंद 1746 सालची आहे. काउंट झिन्झेंडॉर्फ या धर्मसुधारक सरदाराचा तो शेहेचाळिसावा वाढदिवस होता. पुढे जर्मन घरांत ही रीत मुलांसाठी रुळली आणि स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेली. पण नुसत्या केकने पार्टी होत नाही, त्याला बरोबरीची मुले लागतात. ती शाळेने पुरवली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत एकाच खोलीची शाळा असे आणि सहा वर्षांचे पोर सोळा वर्षांच्या मुलाशेजारी धडे गिरवी. बॉस्टनमध्ये 1847 साली बांधलेल्या क्विन्सी ग्रामर स्कूलमध्ये मुलांची इयत्तांप्रमाणे वेगळ्या वर्गखोल्यांत विभागणी झाली, आणि ही पद्धत देशभर पसरली. आपले वय नेमके किती, हा प्रश्न सामान्य अमेरिकन माणसाला महत्त्वाचा वाटू लागला तो याच काळात, असे इतिहासकार हॉवर्ड चुडाकॉफ यांनी दाखवले आहे. वाढदिवसाचे गाणेही शाळेतच जन्मले. केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या पॅटी आणि मिल्ड्रेड हिल या बहिणींनी बालवाडीतल्या मुलांसाठी सकाळच्या नमस्काराचे एक गाणे रचले. ते 1893 मध्ये छापले गेले आणि त्याच चालीवर पुढे वाढदिवसाचे शब्द बसले.

महाराष्ट्रातला जुना वाढदिवस याच्या शेजारी ठेवला की फरक लगेच कळतो. पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्याय यांनी 1790 च्या सुमारास लिहिलेल्या ‘धर्मसिंधु’त वर्धापनाचा विधी आहे. मूल वर्षाचे होईपर्यंत तो दर महिन्याला आणि नंतर दर वर्षी जन्मतिथीला करायचा. तिळाचे उटणे लावायचे, मार्कंडेय आणि इतर चिरंजीवांची पूजा करायची, तीळ-गूळ घातलेले दूध प्यायचे. नखे-केस कापणे, प्रवास आणि भांडण त्या दिवशी वर्ज्य. सारा रोख आयुष्य वाढावे यावर आहे. सवंगड्यांना बोलावण्याचा त्यात कुठे उल्लेखच नाही.

रात्रीच्या मुक्कामाची वाट वेगळी, आणि ती मुलींच्या कॉलेजांच्या वसतिगृहांतून निघते. व्हासार, स्मिथ, वेलस्ली ही अमेरिकेतली मुलींची कॉलेजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघाली. तिथे दिवे मालवायची वेळ ठरलेली असे, आणि ती टळून गेली की एखाद्या खोलीत चोरून मेजवानी होई. आवडता पदार्थ फज. साखर, दूध, लोणी आणि चॉकलेट आटवून केलेली ही वडी खोलीतल्याच दिव्याच्या किंवा स्पिरिटच्या शेगडीवर करता येई. व्हासारमधल्या एमेलिन हार्ट्रिज या विद्यार्थिनीने 1888 मध्ये कॉलेजच्या लिलावासाठी तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोंहून अधिक फज केले. तिने हे नंतर एका पत्रात लिहून ठेवले, म्हणून वडीचा इतिहास लिहिणाऱ्यांना निदान एक तारीख तरी सापडली. एडिसनच्या कंपनीने 1897 मध्ये काढलेल्या ‘सेमिनरी गर्ल्स’ या मिनिटभराच्याही आतल्या चित्रपटात रात्रीच्या झग्यातल्या मुली उशांनी मारामारी करतात आणि वसतिगृहावर देखरेख करणारी मेट्रन आत येते. स्लंबर पार्टीचा पुढचा सगळा साचा या मिनिटभरात आहे: मुली, उशा आणि दाराशी कान देणारे एक मोठे माणूस.

वसतिगृहातली ही मौज विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत हायस्कूलच्या मुलींनी घरी आणली. ‘पजामा पार्टी’ आणि ‘स्लंबर पार्टी’ हे शब्द याच काळात इंग्रजीत रुळले. यातला ‘पजामा’ म्हणजे आपलाच पायजमा. हिंदुस्थानात राहिलेल्या इंग्रजांनी तो झोपताना घालायला सुरुवात केली, विलायतेत नेला, आणि लांब झग्याऐवजी तो पाश्चात्त्यांचा रात्रीचा पोशाख झाला. दिवसा बाहेर घालायचे हे वस्त्र असे अंथरुणात गेले.

चाल घरोघर पोहोचली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. 1946 ते 1964 या काळात अमेरिकेत सुमारे साडेसात कोटी मुले जन्मली. शहराबाहेर नव्या वसाहती उठल्या. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउनमध्ये 1947 पासून एकाच नकाशाची हजारो घरे बांधली गेली. त्यातले पहिले घर जेमतेम साडेसातशे चौरस फुटांचे, दोन बेडरूमचे. पण घरे वाढत गेली. 1950 मध्ये नव्या घराचे सरासरी क्षेत्रफळ हजार चौरस फुटांच्या आत होते, ते 1973 मध्ये साडेसोळाशेच्या वर गेले. मुलीला स्वतःची खोली मिळाली, बऱ्याच घरांत तळघर सजवून खेळायची खोली झाली. आठ मुलींना जमिनीवर आडवे व्हायला लागते तेवढी मोकळी फरशी सामान्य कुटुंबाकडे प्रथमच आली. वसाहती लांबलांब, गाडीशिवाय हलता येत नाही; रात्री मुलांना घरोघर सोडत बसण्यापेक्षा राहू दिलेले सोपे, हाही हिशेब होताच. झोपायच्या पिशवीचा शोध याआधीच लागला होता. वेल्समधले व्यापारी प्राइस-जोन्स यांनी 1876 मध्ये लोकरीच्या घडीच्या पिशवीचे पेटंट घेतले होते, ते लष्करासाठी. तिचेच स्वस्त, कार्टूनची चित्रे छापलेले नातवंड आता मुलांच्या काखेत आले.

बाजाराला ही रात्र लवकर उमगली. 1965 मध्ये बार्बीसाठी ‘स्लंबर पार्टी’ नावाचा पोशाख निघाला. गुलाबी सॅटिनचा पायजमा, वर झगा, केसांचे रूळ, आणि एकशेदहा पौंडांवर, म्हणजे पन्नास किलोंवर काटा कायमचा थांबलेला एक इवलासा वजनकाटा. सोबत वजन कमी कसे करावे याचे नखाएवढे पुस्तक, आणि त्यातला सल्ला एवढाच की खाऊ नका. ज्या रात्रीचा जन्म तीस पौंड फजच्या आसपास झाला, तिची ही सत्तर-ऐंशी वर्षांतली प्रगती!

त्या मानाने रात्रीचे खेळ बाजाराला फारसे बधले नाहीत. त्यातला एक तर स्लंबर पार्टीहून फार जुना आहे. एक मुलगी प्रेतासारखी ताठ पडते, बाकीच्या तिच्याभोवती बसून पुटपुटत एकेका-दोनदोन बोटांवर तिला उचलतात. लंडनमध्ये प्लेगचा कहर चालू असताना, 31 जुलै 1665 रोजी प्रसिद्ध इंग्रज रोजनिशीकार सॅम्युअल पीप्सने हा प्रकार टिपून ठेवला. फ्रान्समधल्या बोर्दो येथे चार लहान मुलींनी कानात ओळी कुजबुजत एका मुलाला बोटांवर उचललेले त्याच्या मित्राने पाहिले होते. मित्राचा विश्वास बसेना, म्हणून त्याने घरातल्या चांगल्या धिप्पाड आचाऱ्याला बोलावले. मुलींनी त्यालाही उचलले. यात चमत्कार नाही. वजन सारखे वाटले जाते आणि सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागतो. पण मध्यरात्री, अंधारात, आठ वर्षांच्या मुलीला हे सांगून काही उपयोग नसतो.

1980 च्या दशकात व्हिडिओ कॅसेट भाड्याने मिळू लागली आणि रात्रीचे जागरण भुताच्या सिनेमांवर गेले. ‘द स्लंबर पार्टी मॅसकर’ या नावाचा भयपट 1982 मध्येच आला होता. 1988 चा ‘गर्ल टॉक’ हा पटावरचा खेळ तर याच रात्रींसाठी होता. सांगितलेले केले नाही तर तोंडावर मुरुमाचे खोटे स्टिकर लावून घ्यायचे. याच सुमारास चालीचे वय आणखी उतरले. कॉलेजची मुलगी, मग हायस्कूलची, आणि आता प्राथमिक शाळेतली. मुलगेही तिच्यात आले. त्यांचा मुक्काम पूर्वी बहुधा अंगणातल्या तंबूत किंवा स्काउटच्या शिबिरात असे. आणि मेट्रनचा डोळा चुकवण्यासाठी निघालेल्या रात्रीची यजमानीण आता स्वतः आई झाली.

1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांना ही चाल पचवायला वेळ लागला. ‘राहायला जाणे’ मराठी घरांना नवे नव्हते, पण ते मामाकडे, मावशीकडे, आत्याकडे. मुलींनी रात्र जागवायची तर मंगळागौर होती. झिम्मा, फुगड्या आणि उखाणे पहाटेपर्यंत चालत. पण ती नव्या लग्नाच्या मुलीची, आणि घरात सासू, नणंदा, शेजारणी सगळ्या हजर. वर्गातल्या मैत्रिणीच्या, आपण कधी न पाहिलेल्या घरी आठ वर्षांच्या लेकीला रात्रभर ठेवायचे, याला अनेक घरांत सरळ नकार मिळे. आता पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्येही ‘स्लीपओव्हर’ हा शब्द पोरांच्या तोंडी बसला आहे.

लहान मुलांच्या अशा वाढदिवसाचे काम मोठे असते. कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, कोणाला अंधारात भीती वाटते, हे आधी विचारून घ्यावे लागते. अंथरूण ओले झालेच तर गाजावाजा न करता बदलता येईल अशी एक चादर हाताशी लागते. अकराच्या सुमारास एखादे पोर आईसाठी रडू लागते, आणि त्याचे वडील अंगावर कोट चढवून गाडी काढतात. हा भार बाहेर सोपवायच्या सोयी निघाल्या, त्यात संग्रहालये पुढे होती. ओहायोतल्या कोलंबसच्या ‘कोसाय’ या विज्ञान केंद्राने 1972 मध्येच मुलींना रात्रीच्या मुक्कामाला बोलावले. अलीकडे गादी, दिव्यांची माळ आणि छोटा तंबू असा संच भाड्यानेही मिळतो. पण दुसऱ्याच्या घरातली बंदूक, अनोळखी मोठी माणसे आणि हातोहाती फिरणारे कॅमेऱ्याचे फोन, या काळज्यांनी अनेक अमेरिकन आईबापांनी मुक्कामालाच नकार द्यायला सुरुवात केली. त्यांनी काढलेल्या तोडग्याला ‘स्लीपअंडर’ म्हणतात. मुले पायजमा घालून, उशी घेऊन येतात, केक कापतात, सिनेमा पाहतात, आणि नऊच्या सुमारास आपापल्या घरी झोपायला जातात.