विम्याचा दावा आणि पुराव्याचे ओझे

विम्याचा इतिहास सांगणारे लोक बहुधा कंपन्यांचा इतिहास सांगतात. कोणती कंपनी कोणत्या साली निघाली, तिने किती पॉलिसी विकल्या, तिची इमारत कोठे उभी राहिली, हे सारे त्यात येते; ज्याला पैसे मिळाले नाहीत तो मात्र त्यात येत नाही. आमचे आयुष्य बिडी कामगारांत आणि राईस मिलच्या हमालांत गेले. त्यामुळे हा इतिहास उलट्या टोकाकडून, म्हणजे नाकारलेल्या दाव्याच्या टोकाकडून वाचण्याची आम्हांला सवय लागली. आम्ही वकील नव्हे. कायद्याची पुस्तके वाचली ती दारात कागद घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला उत्तर देता यावे म्हणून. आजचे विवेचन त्याच बेताचे आहे.

जोखीम वाटून घेण्याची कल्पना साहेबाने आणली असा एक समज आहे, तो खरा नाही. आपल्या पेढ्यांवर जोखमी हुंडी चालत असे. माल सुखरूप पोहोचला तर हुंडीचे पैसे द्यावयाचे, वाटेत बुडाला तर द्यावयाचे नाहीत, असा तो व्यवहार. भांडण झालेच तर ते बरोबरीच्या दोन व्यापाऱ्यांचे भांडण असे आणि निवाडा पेढीवरचे महाजन करीत. एका बाजूला मोठी कंपनी आणि दुसऱ्या बाजूला कपाळ पुसलेली बाई, हे चित्र मागाहून आले.

ते आयुर्विम्याबरोबर आले. कलकत्त्यास १८१८ साली ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी निघाली ती मुख्यतः युरोपियनांसाठी. हिंदी माणसाचा जीव विम्यास घेतलाच तर त्यावर जादा हप्ता बसे. बॉम्बे म्युच्युअल या संस्थेने १८७० नंतर हिंदी माणसास सर्वसाधारण दराने विमा देण्यास आरंभ केला. साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ साली वेस्टर्न इंडिया कंपनी काढली आणि विमा मराठी घरांत शिरला. परंतु कंपनी देशी असो वा विलायती, करारनामा एकाच साच्याचा होता. अर्जाच्या शेवटी एक कबुलीजबाब असे: वर दिलेली सर्व उत्तरे खरी आहेत, त्यांतले एकही खोटे निघाल्यास करार रद्द होईल आणि भरलेले हप्ते बुडतील. इंग्रजी कायद्याने यास परम सद्‌भावाचे तत्त्व असे भारदस्त नाव दिले आहे. व्यवहारात त्याचा अर्थ असा होई की, माणसाने वीस वर्षे हप्ते भरावे, आणि तो मेल्यावर कंपनीने जुना अर्ज काढून म्हणावे, याने पूर्वी कधी झालेला खोकला सांगितला नव्हता. खोकला झाला नव्हता हे सिद्ध कोणी करावयाचे? ज्याने उत्तरे लिहिली तो तर स्मशानात गेलेला. अनेकदा ती उत्तरे त्याने नव्हे, एजंटाने लिहिलेली.

हे ओझे प्रथम हलविले ते १९३८ च्या विमा कायद्याने. त्या कायद्याचे ४५ वे कलम लहानसेच आहे, परंतु हिंदुस्थानातील विम्याच्या साऱ्या कायद्यात गरिबाच्या उपयोगाचे असे दुसरे कलम आम्हांला दिसत नाही. पॉलिसीला दोन वर्षे झाल्यानंतर केवळ उत्तर चुकीचे होते म्हणून कंपनीस हात झटकता येणार नाहीत, असे त्याने ठरविले. कंपनीने तीन गोष्टी शाबीत करावयाच्या: लपविलेली गोष्ट महत्त्वाची होती, ती विमेदाराने कपटाने लपविली, आणि लपविताना ती खोटी किंवा महत्त्वाची आहे हे त्यास ठाऊक होते. म्हणजे पुराव्याचे गाठोडे विधवेच्या डोक्यावरून उचलून कंपनीच्या डोक्यावर ठेवले.

ते ठेवले म्हणून कंपनी नेहमी हरली असे मात्र नव्हे. या कलमावरचा सुप्रीम कोर्टाचा गाजलेला निकाल १९६२ चा, मिठूलाल नायक खटल्याचा. हा खटला जबलपूरचा. आपल्या गोंदियाहून जबलपूरला सातपुड्यातून छोटी गाडी जात असे, आणि खटल्याचे मूळ ज्या साली पडले तेव्हा दोन्ही गावे एकाच मध्यप्रांतात होती. १९४५ च्या मार्चमध्ये पंचवीस हजारांची पॉलिसी निघाली. हप्ता चुकल्याने ती बंद पडली. १९४६ च्या जुलैत पुन्हा चालू झाली. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात विमेदार वारला. कंपनीने १९४७ च्या ऑक्टोबरात दावा नाकारला. पॉलिसी ज्याच्या नावे करून दिलेली होती तो कोर्टात गेला आणि खालच्या कोर्टात जिंकलाही. पण हायकोर्टात हरला. सुप्रीम कोर्टाने प्रथम दोन वर्षे कोठून मोजावयाची ते सांगितले: मूळ पॉलिसीपासून, पुन्हा चालू झाल्यापासून नव्हे. म्हणजे कलमाचे संरक्षण लागू झाले. परंतु पुढे कंपनीने डॉक्टरची साक्ष आणली होती. अर्जापूर्वी काही महिनेच विमेदारावर गंभीर दुखण्यासाठी उपचार झाले होते, आणि अर्जात त्याचा उच्चार नव्हता. तिन्ही गोष्टी शाबीत झाल्या. दावा गेला, भरलेले हप्तेही गेले. निकाल दावेदाराच्या विरुद्ध असूनही आम्ही तो कामाचा मानतो, कारण कंपनीने काय काय शाबीत केले पाहिजे याचे माप त्याने घालून दिले आणि पुढची अनेक दशके कोर्टांनी त्याच मापाने मोजले. २०१५ च्या दुरुस्तीने ते कलम आणखी कडक झाले. आता मुदत तीन वर्षांची आहे, पण ती उलटल्यावर कोणत्याही कारणावरून पॉलिसीवर शंका घेता येत नाही.

मधल्या काळात १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले, आणि त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरास महामंडळ स्थापन झाले. १५४ देशी कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या त्यात विलीन झाल्या. कामगार चळवळीने याचे स्वागत केले, आणि आजही आम्ही ते योग्यच मानतो. तरीपण सरकारी झाल्याने दार सर्वांस उघडले असे नाही. एक स्वस्त मुदतीचा विमा महामंडळाने सरकारी, निमसरकारी किंवा नामांकित व्यापारी कंपनीतील पगारदारांपुरताच राखून ठेवला होता. शेतकरी, हमाल, बिडी वळणारी बाई यांना तो मिळत नसे. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने ही अट घटनाविरोधी ठरविली. दावा नाकारण्याआधी माणूसच नाकारण्याचा हा प्रकार. त्याचा उल्लेख विम्याच्या इतिहासांत क्वचितच सापडतो.

आता बिडीचे एक उदाहरण देतो, म्हणजे पुढचा मुद्दा सोपा होईल. बाई घरी बसून बिड्या वळते आणि कारखान्यावर आणून देते. तेथे बसलेला माणूस काही बिड्या छाट म्हणून बाजूला टाकतो. छाटीची मजुरी नाही. छाट ठरविणार कोण? ज्याला मजुरी द्यावयाची तोच. या छाटीवरून किती भांडणे झाली त्यास गणती नाही. १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने अखेर सांगितले की, बिड्या नाकारण्यावरून वाद झाल्यास तो सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे झटपट रीतीने तुटला पाहिजे. नाकारणारा आणि निवाडा करणारा एकच असू नये, एवढेच तत्त्व त्यात आहे. विम्याच्या बाबतीत हेच काम १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केले. दिवाणी कोर्टाची स्टँप फी नको, वकील असलाच पाहिजे असे नाही, आणि मंच जिल्ह्याच्या गावी. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, आणि पुढे हा मंच आपल्या गावी आला.

त्या मंचापुढे गोंदियात कोणते वाद आले ते पाहू. त्यांत शेतकरी अपघात विम्याचे वाद पुष्कळ आले. २००५ साली महाराष्ट्र सरकारने राज्यातील सातबाराधारक शेतकऱ्यांचा एकत्र विमा उतरविला. हप्ता सरकार भरी; मृत्यू झाल्यास वारसांस एक लाख मिळावयाचे. २०१५ साली योजनेस गोपीनाथ मुंडे यांचे नाव दिले गेले आणि रक्कम दोन लाखांची झाली. सर्पदंश, वीज, पाण्यात बुडणे, विजेचा धक्का, रस्त्यावरचा अपघात, जनावराचा हल्ला, नक्षलवाद्यांकडून झालेली हत्या, असे बहुतेक सारे मृत्यू तीत येत. आपल्या जिल्ह्यास ही योजना जणू मापून शिवलेली होती. येथे धानाची बांधी आहे, रोवणीच्या दिवसांत पायाखाली साप आहे, मोह वेचायला जावे तर अस्वल आहे, आणि देवरी-सालेकसाकडे बंदूकही होती.

या योजनेत एक विचित्र गोष्ट होती. करार सरकार आणि विमा कंपनी यांच्यात. ज्याच्या जिवाचा विमा, त्याने पॉलिसी कधी डोळ्यांनी पाहिलेली नाही, तिच्या अटी वाचलेल्या नाहीत. अनेकांना आपला विमा आहे हेच ठाऊक नसे. घरचा माणूस गेल्यावर तलाठ्याकडून वा कृषी सहायकाकडून कळावयाचे. मग प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, तेथून जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्याकडे, तेथून मध्यस्थ ब्रोकरकडे आणि शेवटी कंपनीकडे. या चार मुक्कामांत कागद कोठे अडला, हे त्या बाईस कसे समजावे?

नाकारण्याची कारणे आम्ही इतक्या वेळा वाचली आहेत की ती पाठ झाली आहेत. मुदतीत प्रस्ताव आला नाही. मृताचे नाव पॉलिसी सुरू झाली त्या दिवशी सातबाऱ्यावर नव्हते, बाप मेल्यानंतर फेरफार उशिरा झाला. वारसाचा गाव नमुना ६-क नाही. वयाचा दाखला नाही. गाडी चालविण्याचा परवाना नाही. दारू प्यायला होता काय याचा खुलासा नाही. आणि सर्पदंशात हटकून येणारे कारण: व्हिसेऱ्याचा रासायनिक तपासणीचा अहवाल नाही. सापाचे विष त्या तपासणीत बहुधा सापडतच नाही. म्हणजे अहवाल आला नाही तरी दावा नाही, आणि विष आढळले नाही असा अहवाल आला तरीही शंका आहेच.

येथे कायद्याचा एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. ज्या ४५ व्या कलमाची आम्ही वर स्तुती केली, ते फक्त आयुर्विम्याचे आहे. अपघात विमा सर्वसाधारण विम्यात मोडतो, त्यास ते छत्र नाही. १९३८ साली विधवेच्या डोक्यावरून उतरविलेले गाठोडे येथे पुन्हा तिच्याच डोक्यावर आले, आणि ते कागदांचे असल्यामुळे अधिकच जड होते.

कंपन्यांनी पहिला आक्षेप घेतला तो असा की, हप्ता सरकारने भरला, तेव्हा ही बाई ग्राहकच नव्हे. त्याचे उत्तर कायद्यातच होते: ज्याच्यासाठी सेवा घेतली तो लाभार्थीही ग्राहक होय. हे पहिले दार उघडल्यावर बाकीचे वाद एकेक करून लढता आले. पॉलिसीतील अपवादाचा आधार कंपनी घेत असेल तर तो अपवाद शाबीत करणे कंपनीचे काम, हा नियम मंचांनी वापरला. दारू प्यायल्याचा संशय म्हणजे पुरावा नव्हे. घटनास्थळाचा पंचनामा, मर्गची खबर, शवविच्छेदनाचा अहवाल यांवरून सर्पदंश दिसत असेल तर तेवढ्यावर दावे मंजूर झाले. उशिराबद्दल विमा नियामक प्राधिकरणाने २०११ साली परिपत्रक काढले की, केवळ उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळू नये. २०१७ साली सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितले. हे निकाल जिंकलेल्या बाया कोर्टाची पायरी जन्मात न चढलेल्या होत्या. पण जितक्या आल्या त्यांच्या कितीतरी पट घरीच बसल्या असतील, कारण नकाराचे पत्र इंग्रजीत येई आणि तक्रारीची मुदत दोन वर्षांची.

अखेर सरकारलाच कंटाळा आला. कंपन्या वेळेत दावे देत नाहीत, नसत्या त्रुटी काढून फेटाळतात, हे कारण देऊन २०२३ साली विमा बंद करण्यात आला आणि त्याच्या जागी सानुग्रह अनुदान आले. रक्कम तीच, दोन लाख. प्रस्ताव तीस दिवसांत द्यावयाचा. तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालची समिती निर्णय घेणार; नाकारल्यास अपील जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. कंपनी गेली, ब्रोकर गेला, चार मुक्कामांचे दोन झाले. पैसा लवकर मिळाला तर आम्हांला आनंदच आहे.

परंतु सानुग्रह या शब्दाशी कामगारांची जुनी ओळख आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९२४ साली बंद केलेल्या बोनससाठी संप केला, तेव्हा सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने सांगितले की बोनसवर कामगारांचा रूढीने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीने कोणताही हक्क पोहोचत नाही. मालकाने खुशीने दिले ते घ्यावे. तो बोनस हक्क व्हावयास १९५० चे लवादाचे सूत्र आणि १९६५ चा कायदा यावा लागला; म्हणजे चाळीस वर्षे लागली. विमा हा करार होता. तो मोडला तर जाब विचारता येई, व्याज मागता येई, मनस्तापाची भरपाई मागता येई. अनुग्रहाचा जाब कोणत्या कलमाखाली विचारावयाचा? येथे नाकारणारी समिती सरकारी, आणि तिच्यावरची अपीलाची समितीही सरकारी. बिडी छाटणारा आणि छाटीचा निवाडा करणारा पुन्हा एका छपराखाली आले. ग्राहक आयोगाचा दरवाजा, आमच्या समजुतीप्रमाणे, या बाबतीत बंद झाला आहे. कारण विकत घेतलेली सेवाच उरली नाही.

ज्या मजुराच्या नावे सातबारा नाही तो विमा असतानाही बाहेर होता आणि अनुदानातही बाहेरच आहे. दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाईस साप चावला तर तो शेतकऱ्याला चावलेला साप ठरत नाही. आणि जी आत आहे, तिचा प्रस्ताव तहसीलच्या समितीने फेटाळला व जिल्ह्याच्या समितीने तो फेटाळा कायम केला, तर पुढे नागपूरच्या हायकोर्टात रिट अर्ज करावा लागेल. गोंदियाहून नागपूर रेल्वेने तीनेक तासांवर आहे, आणि तेथे वकिलावाचून उभे राहणे तिच्याच्याने होणार नाही. ग्राहक आयोग गोंदियातच होता, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीस तेथे फी लागत नसे.