पाटाचा खर्च



मागच्या महिन्यात माळा आवरताना आजेसासऱ्यांची कीर्दवही सापडली. कॉमर्स शिकल्यामुळे हिशेबाची वही दिसली की मला राहवत नाही. सुदैवाने अक्षर मोडी नव्हतं, बाळबोध होतं. १९३६ सालच्या एका पानावर नोंद होती, 'थोरलीच्या पाटाचा खर्च, रुपये अकरा'.

मला वाटलं, लेकीला सागवानी पाट करून दिला असेल. पण त्या काळी अकरा रुपयांत एक पाट? हिशेब जुळेना. सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, बसायचा पाट नव्हं तो. आक्कांचा पाट लावला, त्याचा खर्च."

पाट हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्याच्या पोटात किती काय आहे बघा. मूळ संस्कृत 'पट्ट', म्हणजे फळी, फलक, आसन. जेवायला बसायचा तो पाट, मसाला वाटायचा तो पाटा, पोरांची लिहायची ती पाटी. 'पाटपाणी घ्या' म्हटलं की जेवणाची वेळ झाली हे लहान पोरालाही कळायचं. राजाच्या आसनाशी जोडली गेली ती पट्टराणी. जुन्या ताम्रपटांत गावच्या प्रमुखाला 'पट्टकिल' म्हटलंय, त्याचाच पुढे पाटील झाला. शेतात पाणी नेतो तोही पाट. त्याच्यावरून सरकारी खात्याचं जुनं नाव पाटबंधारे.

आपल्या धर्मात तर या शब्दाला फार मान आहे. आचार्यांच्या गुरुपरंपरेची यादी म्हणजे पट्टावली. भट्टारकांच्या गादीलाही पट्ट म्हणतात. कोल्हापूरच्या मठात गादीवर येणारे प्रत्येक स्वामी लक्ष्मीसेन, नांदणीच्या मठात जिनसेन. माणूस बदलतो, पट्ट चालू राहतो. घरी मुनिमहाराजांचं पडगाहन झालं की आधी त्यांना उच्चासनावर बसवायचं, मग पादप्रक्षालन. नवधा भक्तीतली ही दुसरी पायरी. आहार महाराज उभ्यानेच, ओंजळीत घेतात, पण पहिला मान त्या आसनाचा. आमच्या घरी त्यासाठी वेगळा पाट धुऊन ठेवलेला असतो.

आणि याच शब्दाचा आणखी एक अर्थ, विधवेचं दुसरं लग्न. त्याला लग्न म्हणत नसत, पाटच म्हणत. 'लग्न लागतं', 'पाट लावतात'. शेतकरी घरांत ही चाल जुनीच. मराठेशाहीत त्यावर 'पाटदाम' नावाची पट्टीसुद्धा होती. म्हणजे चाल सरकारदरबारी मान्य होती, पण बरोबरीची नव्हती. पाट रात्री लागायचा, वाजंत्री नाही, अक्षतांचा थाट नाही. इंग्रजी मुलखात विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला, आणि कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी तो १९१७ साली केला. त्यानंतर एकोणीस वर्षांनी आमच्या वहीत शब्द तोच राहिला. दोन पानं मागे धाकटीच्या लग्नाचा खर्च आहे, रुपये चारशे बारा. मांडव, वाजंत्री, आचारी, सगळं ओळीने. थोरलीच्या नावापुढे एकच ओळ.

आक्का म्हणजे माझ्या आत्तेसासूबाई. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या साठी ओलांडलेल्या. अंगाने ताठ, चुलीवरच्या भाकरीत त्यांचा हात कुणी धरत नसे. माझी ओटी भरायच्या वेळी मी पाटावर बसले, एकेक सवाष्ण पुढे आली. आक्कांचे यजमान बाहेर सोप्यात बसलेले. कपाळाला कुंकू, हातात चुडा, तरी त्या दाराआड उभ्या. मी "आक्का, तुम्ही या की" म्हणाले, तर "भरू देत बाकीच्यांनी" म्हणून त्या आत गेल्या. मला वाटलं, लाजल्या असतील. पुढे माझ्या जावेच्या ओटीला सवाष्णींची यादी मीच केली. त्यात आक्कांचं नाव घातलं नाही. त्यांना आवडत नाही, असं मीच ठरवून टाकलं होतं.

बारा-तेरा वर्षांची पोर विधवा झाली, बापाने तिचा संसार पुन्हा उभा करून दिला, हे चांगलंच केलं. पण शब्द वेगळा ठेवला आणि त्या शब्दाने तिला पन्नास वर्षं दाराआड उभं केलं. मुनिमहाराजांना बसवताना जो शब्द आपण आदराने उच्चारतो, तोच आक्कांच्या वाट्याला असा आला.

येत्या महिन्यात नातसुनेची ओटी आहे. आमच्या नात्यातली एक मुलगी गेल्या वर्षी पुन्हा लग्न करून सुखात आहे. पहिली ओटी तिने भरावी, असं मी तिला कालच फोन करून सांगितलं. सासूबाईंना विचारलं, चालेल ना? त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आक्कांचा सागवानी पाट हाय माळ्यावर, तो काढ."

जय जिनेंद्र.