बठ्ठा बसी जातीन

४० तास आधी. संध्याकाळचे सव्वासात.

पारावर आम्ही अकरा जण आणि माझ्या मांडीवर वर्गणीची वही. अस्तंब्याच्या यात्रेला जायचं हे ठरवावं लागत नाही. शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात वसुबारस उजाडली की पोरांच्या पायात घुंगरू आणि हातात झेंडा येतोच. ठरवायची होती ती गाडी. अस्तंब्याचा डोंगर १३२५ मीटर उंच, पण आम्हाला डोंगराची चिंता नव्हती. त्याच्या पायथ्यापर्यंत बत्तीस माणसं न्यायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आणायची, एवढंच कोडं होतं.

पर्याय तीन निघाले. एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घ्यायची, म्हणजे आगारात अर्ज, अनामत, किलोमीटरचा हिशोब, आणि दिवाळीची गर्दी असताना गाडी मिळेल का हा प्रश्न. एकाने हे सुचवलं, बाकीच्यांनी ऐकून घेतलं. दुसरा पर्याय क्रूझरचा. बारा माणसांची गाडी, म्हणजे बत्तीस जणांना तीन लागणार. एकीचे साडेचार हजार, तिघींचे साडेतेरा. माणशी सव्वाचारशेच्या आसपास. तिसरा पर्याय शेजारच्या गावातली पिकअप, जी एरवी केळी आणि पपई वाहते. सहा हजार एकूण, माणशी एकशे नव्वद. चहा, नारळ, तेल धरून अडीचशे रुपये वर्गणी. मी वहीत दोन रकाने आखले होते, ते पुसायची वेळच आली नाही.

"बत्तीस मावतील का?" एवढं मी विचारलं. मामेभावाने हात झटकला. "बठ्ठा बसी जातीन."

सगळे बसतील. आमच्याकडे गाडीबद्दलचा हा शेवटचा शब्द असतो. तो उच्चारला की चर्चा संपते. आणि तो खोटाही नसतो, कारण बसतात. पिकअप दीड टनाची. एका माणसाचे साठ किलो धरले तर पंचवीस माणसांत दीड टन भरतो. हे गणित चौथीच्या पोरालाही येतं. आम्ही त्या संध्याकाळी भागाकार केला, गुणाकार केला नाही.

२६ तास आधी. सकाळचे सव्वानऊ.

विसार द्यायला आम्ही तिघे गेलो. गाडी धुऊन उभी होती, बोनेटवर झेंडूची माळ. आम्ही टेप वाजवून बघितला. टायर कुणी बघितले नाहीत, ब्रेकचं कुणी विचारलं नाही. कागदपत्रांचं मात्र विचारलं, आणि मालकाने लगेच कागद काढून दाखवला. इन्शुरन्स चालू होता. अगदी खरं.

तो इन्शुरन्स मालवाहू गाडीचा होता, हे आम्हाला नंतर वकिलाने समजावलं. मालाबरोबर मालाचा धनी बसला तर गोष्ट वेगळी. पण हौद्यात नुसती माणसं भरली, तर त्यांची भरपाई विमा कंपनीच्या माथी मारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच आशा राणी खटल्यात हे स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे हौद्यात केळीचा घड असता तर त्याच्या धन्याला तरी विमा लागू झाला असता.

१७ तास आधी. संध्याकाळचे सव्वासहा.

ओवाळणी झाली. फाळका पाडून पोरं चढली. हौद्याला आडवे बांबू बांधले होते, धरायला. बसायची जागा पंधरा जणांना मिळाली, बाकीचे उभे. म्हातारीकोतारी "सावकाश जा रे" म्हणत होती आणि ड्रायव्हर हसत होता. पंचविशीतला पोरगा, हात साफ. त्याच्या पायातही घुंगरू होते. हे तेव्हा सगळ्यांना आवडलं. नंतर मी त्याचा फार विचार केला आहे.

तळोद्याला चहाला थांबलो तेव्हा तिघे ओळखीचे भेटले, त्यांची गाडी पुढे निघून गेली होती. चढा म्हटलं. देवाच्या वाटेवर कुणाला नाही म्हणतात का? मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यापेक्षा जादा बसवलेल्या प्रत्येक प्रवाशामागे दंड आहे २०० रुपये. आमच्या वर्गणीपेक्षा पन्नास रुपयांनी स्वस्त.

पाण्यावरही हाच हिशोब चालतो. २०१९ च्या संक्रांतीला, १५ जानेवारीला, धडगाव तालुक्यात भूषा इथे नर्मदेवर आलेल्यांची बोट सरदार सरोवराच्या फुगवट्यात उलटली. साठच्या आसपास माणसं होती एका बोटीत. सहा जण गेले, त्यांत लेकरं होती. काठावर उभं राहून मोजायला कितीसा वेळ लागला असता? पण सणाच्या दिवशी काठावर मागे राहायला कुणीच तयार नसतं.

१२ तास आधी. रात्रीचे सव्वाअकरा.

डोंगर चढत होतो. बॅटऱ्यांची रांग वर वर सरकत होती, घुंगरांचा आवाज खालून वर येत होता. अश्वत्थामा इथे फिरतो म्हणतात. कपाळावरचा मणी गेला, जखम राहिली, ती भरत नाही, म्हणून तो येणाऱ्या-जाणाऱ्याकडे तेल मागतो. वाट चुकलेल्याला वाटही दाखवतो. मामेभावाच्या पिशवीत तेलाची बाटली होती, तिचं बूच सैल झालेलं, आणि माझ्या पाठीला तेलाचा वास लागला होता.

ड्रायव्हर आमच्या पुढे दहा पावलं चढत होता. त्याचा नवस होता. गाडीत झोप म्हणून त्याला कुणी सांगितलं नाही. मी तर नाहीच.

५ तास आधी. सकाळचे सव्वासहा.

दर्शन. थंडी. पूर्वेकडे तांबडं फुटलं. फोटो काढले. त्यातला एक फोटो अजून माझ्याकडे आहे, ड्रायव्हर त्यात जांभई देतो आहे.

दीड तास आधी. दहाला दहा कमी.

पाय लटपटत खाली आलो. आता गाडीत उभं राहायचं त्राण कुणात नव्हतं, म्हणून पोरं एकमेकांच्या अंगावर टेकून उभी राहिली. एक कलंडला की दहा कलंडायचे. वाटेत आणखी दोघांनी हात केला. पाय सुजलेले, अनवाणी. फाळका पुन्हा पडला, पुन्हा लागला. त्याची कडी नीट बसत नव्हती, ती सुतळीने बांधली.

२० मिनिटं आधी. अकरा.

चांदसैली घाट. धडगावकडून येताना हा उतार थेट कोठारपर्यंत नेतो, आणि मध्ये वळणं अशी की पुढचा रस्ता पायाखाली दिसतो. जुने ड्रायव्हर सांगतात की ज्या गियरमध्ये घाट चढशील त्याच गियरमध्ये उतर. इंजिन गाडीला मागे ओढतं, ब्रेकला विसावा मिळतो. आमच्या पोराने डिझेल वाचवायला सवयीने न्यूट्रल केली होती. एरवी रिकामी गाडी आणताना त्याला जमत असेल. आज मागे सव्वादोन टन माणसं होती, आणि त्यांतले निम्मे उभे.

१० मिनिटं आधी. अकरा दहा.

जळका वास आला. रबर नाही, कापडही नाही, तवा कोरडा तापला की येतो तसा. ब्रेकचे लायनर तापले होते. माझ्या बाजूचा एक जण म्हणाला, "कुणीतरी विडी टाकली वाटतं." आम्ही खाली वाकून विडी शोधली.

याच घाटात १८ ऑक्टोबर २०२५ ला, धनत्रयोदशीच्या दिवशी, अस्तंब्याहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप उलटली. आठ जण गेले. ती बातमी आली तेव्हा मी मोबाईल हातात धरून कितीतरी वेळ गाडीचा फोटोच बघत होतो, हौद्याला आडवे बांबू आहेत का ते शोधत. त्या गाडीत काय झालं, वास आला की नाही, कुणी विडी शोधली का, हे मला माहीत असल्याचा आव मी आणणार नाही. मी सांगतो आहे ते त्याच्या कितीतरी वर्षं आधीचं, आमच्या गाडीचं.

३ मिनिटं आधी.

ड्रायव्हर ब्रेकवर पाय आपटत होता, पुन्हा पुन्हा. केबिनमधून तो आवाज मागे आला. गियर पडत नव्हता, नुसतं करकरत होतं. टेप चालूच होता.

अकरा वीस.

त्याने गाडी दरीकडे जाऊ दिली नाही. डोंगराच्या अंगाला घातली. त्या पोराच्या हातात जे होतं ते त्याने केलं, आणि आम्ही जिवंत आहोत ते त्यामुळे. डावी बाजू कातळावर घासत गेली, सुतळी तुटली, फाळका पडला, आणि गाडी कुशीवर गेली. मामेभावाचा हात बाजूच्या पत्र्यावर बाहेर होता. कातळ आणि पत्रा यांच्यामध्ये.

नंतर.

रेंज नव्हती. एक जण वर धावत गेला, एक खाली. या घाटात असंच असतं. २०२१ च्या सप्टेंबरात दरड कोसळून हा रस्ता बंद झाला तेव्हा एक माणूस आजारी बायकोला खांद्यावर घेऊन दवाखान्याकडे निघाला होता, आणि ती वाटेतच गेली. आम्हाला तासाभरात खालून येणारा एक ट्रॅक्टर मिळाला, मग दोन जीप. दुखावलेल्यांना आम्ही पुन्हा मालासारखंच भरलं.

दवाखान्यात हवालदाराने वही काढली. गाडीत किती होते? मी म्हटलं, बत्तीस. माझ्या वहीत बत्तीस नावं होती, प्रत्येकापुढे अडीचशे, प्रत्येकापुढे बरोबरची खूण. त्याने बाकावरचे, खाटांवरचे, बाहेर झाडाखाली बसलेले असे सगळे मोजले आणि पेन थांबवलं.

"ड्रायव्हर सोडून सदतीस आहेत," तो म्हणाला. "हे पाच कोण?"

मी त्यांच्याकडे बघितलं. तिघांची नावं मला सांगता आली. अनवाणी आलेले दोघे भिंतीला टेकून बसले होते, आणि त्यांतल्या एकाने वर्गणीचे पैसे द्यायला खिशात हात घातला.