कीर्तनाचा दक्षिणमार्ग
येलहंक्याच्या केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसविलेले बंगळूर १६३८ नंतर शहाजीराजांकडे आले; तेथूनच व्यंकोजी तंजावरास गेले. त्या दरबाराने कीर्तनास आश्रय दिला. १८५५ मध्ये राज्य संपले, तेव्हा कीर्तनही मावळते तर नवल नव्हते. पण मोरगावकर रामचंद्रबुवांचे कीर्तन ऐकून कृष्ण भागवतर या तमिळभाषी गायकाने ते आत्मसात केले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ‘निरूपण’ या नावाने तमिळ हरिकथेत रुळले. ही विद्या पोथीतून येत नाही. पूर्वरंग केव्हा आवरावा, हे समोरचे चेहरेच सांगतात. मराठी मुलुखात विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. तेथे चार वर्षे पाठांतर केलेल्या तरुणालाही अखेर श्रोत्यांपुढेच उभे राहावे लागते.